काळ्या दातांपासून काचेसारख्या त्वचेपर्यंत: जपान आणि कोरियातल्या सौंदर्याच्या बदलत्या कसोट्या

कोरियन आणि जपानी स्त्रियांच्या प्रसाधनाविषयी आपल्याकडे जे वाचायला मिळते, त्यातले बरेचसे एक गोष्ट गृहीत धरून लिहिलेले असते: त्या देशांत गोरी, नितळ कांती आणि मोठे डोळे यांची आवड पूर्वापार चालत आली आहे आणि काळानुसार बदलल्या त्या फक्त युक्त्या. यातला गोऱ्या रंगाचा भाग पुष्कळ अंशी खरा आहे. बाकीचे इतिहासाला धरून नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या जपानमध्ये सुंदर समजल्या जाणाऱ्या विवाहित स्त्रीचे दात काळेभोर असत, भुवया काढून टाकलेल्या असत आणि तिचे डोळे बारीक असणे हेच चांगले मानले जाई. तिथपासून आजच्या काचेसारख्या चमकत्या त्वचेपर्यंतचा प्रवास समजून घ्यायचा, तर चेहऱ्यावर काय लावले जात होते एवढे पाहून भागत नाही. ते कशापासून बनत होते, ते कोण पाहत होते आणि त्यासाठी किती खटाटोप करावा लागत होता, हेही पाहावे लागते. या सगळ्यातून मला दिसणारी मुख्य गोष्ट अशी की चेहऱ्यावरचा उघड रंग जसजसा कमी होत गेला, तसतशी स्त्रीच्या मूळ त्वचेकडूनच अपेक्षा वाढत गेली आणि तिची मेहनतही वाढली.

सफेदा, करडई आणि काळे दात

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या कालखंडात, जपानी प्रसाधन तीन रंगांवर उभे होते: पांढरा, तांबडा आणि काळा. पांढरा रंग चेहऱ्याला आणि मानेला लावायच्या भुकटीचा, तांबडा ओठांचा आणि काळा भुवयांचा व दातांचा. हे प्रसाधन लपवायचे नव्हते. पाहणाऱ्याला ते लावलेले कळावे, त्यावरून स्त्रीचे वय, लग्न आणि घराण्याचा दर्जा कळावा, हाच त्याचा हेतू होता.

दात काळे करण्याची कृती पाहण्यासारखी आहे. लोखंडाचे तुकडे चहा, तांदळाचे मद्य किंवा शिरका अशा द्रवात बरेच दिवस आंबत ठेवत. त्यातून लोहक्षार विरघळलेले, उग्र वासाचे पाणी तयार होई. त्याच्या जोडीला मायफळासारख्या, झाडावर किडीमुळे आलेल्या गाठींची पूड दातांवर लावत. या पुडीतले टॅनिन आणि पाण्यातले लोह एकत्र आले की पाण्यात न विरघळणारा काळा थर बसतो. जुनी काळी शाई याच रसायनावर बनत असे. थर फिका पडला की कृती पुन्हा करावी लागे. मराठी वाचकाला यात परके वाटावे असे फारसे नाही, कारण आपल्याकडेही जुन्या काळी सवाष्ण बायका हिरडा आणि हिराकस घालून केलेल्या दातवणाने दात काळे करीत, आणि तिथेही रसायन तेच होते, लोह आणि टॅनिन.

ओठांचा तांबडा रंग करडईच्या फुलांतून काढत. त्या फुलात पिवळा रंग भरपूर असतो आणि तांबडा अगदी थोडा, त्यामुळे पिवळा धुऊन काढून उरलेला तांबडा गोळा करणे हे जिकिरीचे आणि महागडे काम होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक विलक्षण फॅशन आली. हा रंग खालच्या ओठावर थरावर थर देऊन जाड लावला की वाळल्यावर तो भुंग्याच्या पंखासारखा हिरवट चमकतो. असा हिरवा ओठ म्हणजे पैशाचे उघड प्रदर्शन होते. ज्यांना एवढा रंग परवडत नसे, त्या आधी ओठाला काळी शाई लावून वर करडईचा पातळ हात फिरवीत आणि जवळजवळ तशीच चमक मिळवीत. श्रीमंतांची फॅशन स्वस्तात साधण्याची ही युक्ती आजच्या कुठल्याही युक्तीइतकीच हुशारीची वाटते.

डोळ्यांचे सांगायचे तर १८१३ साली निघालेल्या आणि पुढे कित्येक दशके छापल्या गेलेल्या एका प्रसाधन-पुस्तकात मोठे डोळे बारीक दिसावेत म्हणून काय करावे याचा उपाय दिलेला आहे. कोरियातही वेगळे नव्हते. जोसॉन या कोरियन राजघराण्याच्या काळातला चित्रकार शिन युन-बोक याने काढलेले सुंदर स्त्रीचे प्रसिद्ध चित्र सोलच्या कानसोंग संग्रहात आहे. त्यातली स्त्री गोल गालांची, बारीक डोळ्यांची, चिमुकल्या ओठांची आहे. तिच्या भुवया नाजूक आहेत आणि चेहऱ्यावर रंगाचा फारसा मारा नाही, कारण कन्फ्यूशियन वळणाच्या त्या समाजात भडक प्रसाधन हे दरबारी नर्तकी-गायिकांचे लक्षण मानले जाई, घरंदाज स्त्रीने स्वच्छ आणि सौम्य दिसावे अशी अपेक्षा असे. आजच्या सोलमधली अभिनेत्री आणि ही चित्रातली स्त्री यांच्यात साम्य आहे ते फक्त उजळ त्वचेचे.

शिसे आणि आधुनिक कारखाना

जपानमधला मोठा बदल सरकारी धोरणाने आला. एदो काळानंतर आलेल्या मेइजी राजवटीला पाश्चात्त्य राष्ट्रांच्या पंक्तीत बसायचे होते आणि काळे दात त्या राष्ट्रांतून आलेल्या पाहुण्यांना किळसवाणे वाटत. १८७० मध्ये उमराव घराण्यांना दात काळे करण्यास आणि भुवया काढण्यास मनाई झाली आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञीने पांढरे दात आणि नैसर्गिक भुवया ठेवायला सुरुवात केल्यावर ही प्रथा शहरांतून ओसरू लागली. शतकानुशतके प्रतिष्ठेची असलेली खूण एका पिढीत मागासलेपणाची ठरली. सौंदर्याच्या कल्पना निसर्गदत्त असतात असे मानणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण जरूर लक्षात ठेवावे.

पांढऱ्या भुकटीचा प्रश्न याहून गंभीर होता. ती बहुधा सफेद्याची, म्हणजे शिशाच्या संयुगाची असे, कारण शिशाचा सफेदा त्वचेला छान चिकटतो आणि एकसारखा पसरतो. १८८७ मध्ये सम्राट मेइजी यांच्यासमोर झालेल्या काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराच्या प्रयोगात नाकामुरा फुकुसुके या नटाचे पाय थरथरू लागले आणि त्यामागे शिशाची विषबाधा असल्याचे निदान झाले, तेव्हा हा विषय चारचौघांत आला. शिसेविरहित भुकटी १९०४ मध्ये बाजारात आली, तरी शिशाच्या भुकटीचे उत्पादन बंद व्हायला १९३० चे दशक उजाडावे लागले. कोरियात नेमकी अशीच गोष्ट घडली. सोलमधले कापडाचे व्यापारी पाक सुंग-जिक यांच्या घरी तयार होणारी पावडर आधी गिऱ्हाइकांना कापडाबरोबर भेट म्हणून दिली जाई. तिची मागणी एवढी वाढली की १९१० च्या दशकात ती स्वतंत्र माल म्हणून विकली जाऊ लागली. कोरियात मोठ्या प्रमाणावर खपलेले ते पहिले देशी प्रसाधन. तिच्यातही शिसे होते, आणि ते लोकांना कळल्यावर १९३० च्या दशकात तिचा धंदा बसला.

दरम्यान १८७२ मध्ये टोकियोच्या गिन्झा भागात पाश्चात्त्य पद्धतीचे औषधांचे दुकान म्हणून सुरू झालेल्या शिसेइदोने प्रसाधनांकडे मोर्चा वळवला होता. १९१७ मध्ये तिने सात रंगांची पावडर काढली. प्रत्येकीने एकच पांढरा मुखवटा चढवण्याऐवजी आपल्या त्वचेला शोभेल तो रंग निवडावा, ही कल्पना तेव्हा नवी होती आणि आजच्या 'आपल्याला कोणती छटा शोभते' या सगळ्या खटपटीचे मूळ मला इथे दिसते.

उन्हात रापलेल्या त्वचेची वर्षे

गोरेपणाची आवडही सलग टिकलेली नाही. १९६६ मध्ये शिसेइदोनेच उन्हाळी जाहिरातीसाठी माएदा बिबारी या मॉडेलचे उन्हात रापलेल्या अंगाचे, थेट कॅमेऱ्याकडे पाहणारे छायाचित्र वापरले आणि तपकिरी त्वचा म्हणजे मोकळीक, सुटी आणि आरोग्य असा अर्थ रुजवला. पुढे १९९० च्या दशकात टोकियोच्या शिबुया भागात शाळकरी मुलींनी ही गोष्ट टोकाला नेली. त्या त्वचा मुद्दाम रापवून घेत, वर गडद फाउंडेशन लावीत, डोळ्यांभोवती आणि ओठांना पांढरा रंग देत, केस फिके करीत आणि उंच टाचांचे जाड बूट घालून हिंडत. १९९९-२००० च्या सुमारास हा प्रकार ऐन भरात होता. वर्तमानपत्रांनी त्यांची भरपूर टिंगल केली. मला मात्र त्यात खूप अर्थ दिसतो: लाजऱ्या, गोऱ्या, आज्ञाधारक मुलीची जी प्रतिमा त्यांच्यासमोर सतत ठेवली जात होती, तिचा एकेक रंग त्यांनी उलटा करून चेहऱ्यावर लावला होता. मोठ्या माणसांना, विशेषतः पुरुषांना, आवडावे म्हणून केलेले ते प्रसाधन नव्हते; मैत्रिणींनी मैत्रिणींसाठी केलेले होते.

त्यानंतर लंबक परत फिरला आणि उजळ त्वचेची लाट आधीपेक्षा जोराने आली. जपानच्या कायद्यात औषध आणि प्रसाधन यांच्या मधला एक वर्ग आहे. मान्यताप्राप्त घटक ठरावीक प्रमाणात असतील, तर अशा उत्पादनाला 'मेलॅनिनची (त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याची) निर्मिती रोखून डाग टाळते' असा दावा करता येतो. कोरियानेही २००० पासून उजळपणा, सुरकुत्या आणि ऊन यांसाठीच्या प्रसाधनांचा असाच वेगळा वर्ग केला. सरकारी मान्यतेमुळे या मालाला विश्वासार्हता मिळाली, आणि २०१३ मध्ये त्या विश्वासाला मोठा तडा गेला.

झाले ते असे. आपल्या त्वचेत टायरोसिनेज नावाचे विकर (एन्झाइम) मेलॅनिन तयार करण्याच्या कामात असते. जपानच्या कानेबो कंपनीने रोडोडेनॉल नावाचा घटक वापरला होता. तो या विकराला गुंतवून ठेवी आणि मेलॅनिन कमी बने. पण हेच विकर काही जणींच्या त्वचेत रोडोडेनॉलचे रूपांतर रंगपेशींना मारक ठरणाऱ्या पदार्थांत करीत होते. परिणामी चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर कोडासारखे पांढरे चट्टे पडू लागले. जुलै २०१३ मध्ये कंपनीने माल परत मागवला. त्रास झालेल्यांची संख्या अखेर १९,००० हून अधिक भरली. कित्येकींचे डाग वापर थांबवल्यावर हळूहळू भरून आले, सगळ्यांचे नाही. शिशाच्या भुकटीनंतर इतक्या वर्षांनी, सगळे नियम पाळून, मान्यता घेऊन, पुन्हा तेच घडावे हे वाचताना मन विषण्ण होते. २०२१ मध्ये कानेबोची पालक कंपनी काओ हिने आपल्या मालावरून गोरेपणा सुचवणारा शब्द काढून टाकण्याचे जाहीर केले. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी हिंदुस्तान युनिलिव्हरने तिच्या सर्वपरिचित क्रीमच्या नावातला 'फेअर' वगळून 'ग्लो' आणला होता. दोन्हीकडे डबीवरचे शब्द बदलले. बाजारातली मागणी तेवढ्याने हलली असे म्हणवत नाही.

डोळे, कॅमेरा आणि शस्त्रक्रिया

पापणीवरच्या घडीची शस्त्रक्रिया ही केवळ पाश्चात्त्यांची नक्कल आहे, असे सर्रास म्हटले जाते. ते इतके सोपे नाही. १८९६ मध्ये मिकामो या जपानी डॉक्टरने टाके घालून पापणीवर घडी आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्याच्यासमोर होती ती एका डोळ्याला घडी असलेली आणि दुसऱ्याला नसलेली जपानी स्त्री. घडी असलेला डोळा परदेशी नव्हता, तिचाच होता. मात्र पुढे अमेरिकी लष्कराच्या वास्तव्यात आणि हॉलिवूडच्या प्रभावात ही शस्त्रक्रिया पसरली, हेही तितकेच खरे. कोरियातल्या युद्धानंतर १९५४ मध्ये तिथे आलेला अमेरिकी शल्यविशारद राल्फ मिलर्ड याने ती केली आणि तिच्यावर लिहिले. आज सोलच्या गंगनम भागात अशा दवाखान्यांच्या पाट्या रस्तोरस्ती दिसतात.

मला वाटते, गेल्या तीस वर्षांत डोळे मोठे दिसावेत या हट्टामागे परदेशी चेहऱ्यापेक्षा कॅमेऱ्याचा हात मोठा आहे. १९९५ मध्ये जपानमध्ये फोटो काढून लगेच त्याचे स्टिकर देणारी यंत्रे आली. पुढच्या दशकात ही यंत्रे आपणहून त्वचा उजळ आणि डोळे मोठे करून देऊ लागली. त्याच सुमारास खोट्या पापण्या, पापणीला घडी पाडणारा डिंक आणि बुबुळ मोठे दाखवणाऱ्या लेन्स यांचा खप वाढला, म्हणजे यंत्राने दाखवलेला चेहरा हाताने घडवण्याचा प्रयत्न सुरू झाला. मोबाइलमधल्या फिल्टरने जगभर जे केले, ते जपानी मुली कितीतरी आधी अनुभवत होत्या. कोरियातही १९८० च्या डिसेंबरमध्ये रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाल्यावर कंपन्यांनी गडद रंगांच्या मोहिमा काढल्या होत्या आणि त्या दशकातला चेहरा भडक झाला होता. पाहण्याचे साधन बदलले की चेहरा बदलतो, हे दोन्ही देशांत वारंवार घडले आहे.

काचेसारखी त्वचा म्हणजे नेमके काय

कोरियाने गेल्या पंधरा-वीस वर्षांत जो नमुना जगापुढे ठेवला, त्यात रंगापेक्षा त्वचेची तुकतुकी महत्त्वाची आहे. यामागे साधे प्रकाशशास्त्र आहे. कोरड्या त्वचेच्या वरच्या थरातल्या मृत पेशींच्या कडा किंचित वर उचललेल्या असतात, त्यांच्यावरून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्वचा निस्तेज दिसते. त्याच थरात पाणी टिकले आणि वर पातळ, गुळगुळीत लेप असला, की प्रकाश एका दिशेने परततो आणि चेहरा ओलसर चमकतो. जुनी पावडर नेमके याच्या उलट काम करी. तिचे कण प्रकाश विखुरतात, म्हणून चेहरा मऊ पण कोरडा दिसे.

हे साधण्यासाठी लागणारे साधन २००८ मध्ये अमोरेपॅसिफिक या कोरियन कंपनीच्या आयोपे या ब्रँडने आणले. पातळ फाउंडेशन डबीत भरले तर ते सांडते. कंपनीच्या संशोधकांना शिक्क्याच्या शाईच्या पॅडवरून कल्पना सुचली: द्रव स्पंजमध्ये मुरवायचा आणि वरून दाबून हवा तेवढाच घ्यायचा. त्यासाठी योग्य स्पंज शोधण्यात बराच काळ गेला, पण तो मिळाल्यावर पर्समध्ये मावणारी 'कुशन' डबी घरोघरी पोहोचली. त्याआधी, २००० मध्ये सुरू झालेल्या मिश्शा या ब्रँडने ३,३०० वॉनसारख्या स्वस्त दरात प्रसाधने विकून कॉलेजच्या मुलींनाही हा बाजार खुला केला होता.

कोरियन फाउंडेशनच्या डबीवरचा अंक जवळून पाहिला तर बरेच काही कळते. तिथे वर्षानुवर्षे १३, २१ आणि २३ हे तीनच आकडे सर्रास दिसत. ढोबळ मानाने पहिला अंक रंगाचा कल सांगतो, १ म्हणजे गुलाबीकडे झुकणारा आणि २ म्हणजे बेज. दुसरा अंक वाढला की छटा गडद होते. २१ ही सर्वसामान्य छटा मानली जाई आणि २३ ला सावळी. म्हणजे अनेक स्त्रियांना आपण सर्वसाधारणापेक्षा काळ्या आहोत हे दुकानातच कळत असे. कोणी काही बोलण्याची गरज नसे, अंक पुरेसा होता.

आणि इथे मेहनतीचा मुद्दा येतो. पांढरी भुकटी रात्री धुऊन टाकता येत असे. तिच्याखालची त्वचा कशी आहे याच्याशी पाहणाऱ्याला देणेघेणे नव्हते. काचेसारख्या त्वचेच्या नमुन्यात मात्र खालची त्वचाच दाखवायची असते. मग रात्री दोनदा चेहरा धुणे, टोनर, एसेन्स, सीरम, क्रीम, दिवसा दर काही तासांनी सनस्क्रीन, महिन्याकाठी त्वचातज्ज्ञाकडे फेरी, असे सगळे करून शेवटी 'मी तर काहीच लावले नाही' असे दिसायचे असते. प्रसिद्धी पावलेल्या दहा पायऱ्यांच्या नित्यक्रमाला अमेरिकेतल्या विक्रेत्यांनीही भरपूर हवा दिली आणि सगळ्याच कोरियन बायका तो पाळतात असे नाही, पण अपेक्षेची दिशा तीच आहे.

जपानी प्रसाधन या काळात थोड्या वेगळ्या वाटेने गेले. २०१० च्या दशकाच्या मध्यात मेकअप कलाकार इगारी शिनोबू यांच्यामुळे डोळ्यांच्या अगदी खाली लाली लावण्याची पद्धत लोकप्रिय झाली. चेहरा किंचित ताप आल्यासारखा किंवा मद्य घेतल्यासारखा दिसावा, अशी ती कल्पना. डोळ्याखालचा मांसल फुगवटा उठावदार करणे ही आवड दोन्ही देशांत आहे. आता प्रवाह मुख्यतः सोलकडून टोकियोकडे वाहतो. २०२२ मध्ये जपानच्या प्रसाधन-आयातीत दक्षिण कोरियाने फ्रान्सला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. एकेकाळी शिसेइदोकडे पाहून शिकणाऱ्या देशासाठी ही मोठी उलटापालट आहे.

नकार देणाऱ्या स्त्रिया

२०१८ मध्ये कोरियात अनेक तरुणींनी केस कापले, लिपस्टिकच्या कांड्या आणि पावडरच्या डब्या फोडून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. या चळवळीने प्रसाधनाला 'कॉर्सेट', म्हणजे पूर्वी पाश्चात्त्य स्त्रिया कंबर आवळण्यासाठी घालत तो घट्ट पट्टा, म्हटले आणि तो उतरवण्याचे आवाहन केले. तिची पार्श्वभूमी गंभीर होती: त्याच उन्हाळ्यात स्त्रियांचे चोरून चित्रण करणाऱ्यांविरुद्ध सोलमध्ये हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये एमबीसी वाहिनीची निवेदिका इम ह्यन-जू चष्मा लावून बातम्या द्यायला बसली, तर तीच एक बातमी झाली, कारण पुरुष निवेदक चष्मा लावत आणि स्त्रिया लावत नसत. तिने सांगितलेले कारण अगदी व्यवहाराचे होते: पहाटे उठून लेन्स आणि खोट्या पापण्या लावण्यात जाणारा वेळ आणि डोळ्यांचा त्रास वाचतो. जपानमध्ये २०१९ मध्ये इशिकावा युमी यांनी कचेरीत उंच टाचांची सक्ती नको म्हणून सरकारकडे अर्ज दिला आणि त्या चर्चेत चष्मा व मेकअपच्या नियमांचाही विषय निघाला. दोन्ही देशांत प्रसाधन ही हौसेइतकीच नोकरीची अट असते, आणि मला हाच या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो. हौस सोडता येते. अट सोडली तर पगारावर गदा येते.

जुलै २०१९ पासून कोरियात नोकरीसाठी अर्ज घेताना उंची, वजन अशी कामाशी संबंध नसलेली माहिती मागण्यास मनाई आहे आणि उल्लंघनाला ५० लाख वॉनपर्यंत दंड आहे. अर्जावर फोटो लावण्यास मात्र त्या कायद्याने बंदी घातलेली नाही. छटांच्या बाबतीत बदल झाला तो परदेशी गिऱ्हाइकांच्या रेट्याने. टिरटिर या कोरियन ब्रँडच्या कुशनमध्ये आपल्याला जुळणारी छटाच नाही, हे २०२४ मध्ये एका कृष्णवर्णीय अमेरिकी तरुणीने व्हिडिओ करून दाखवले, तेव्हा कंपनीने काही महिन्यांत छटांची संख्या वाढवत तिसापर्यंत नेली. पुण्या-मुंबईत कोरियन फाउंडेशन शोधणाऱ्या मुलींना त्याचा थेट उपयोग आहे, कारण १३ ते २३ च्या पट्ट्यात त्यांच्यातल्या बहुतेकींना जागाच नव्हती.